स्लेमेन्त्से बुद्रुक, स्लेमेन्त्से खुर्द

एकाच नावाची दोन गावं शेजारीशेजारी असली की आपल्याकडे थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणतात. स्लोव्हाकियाच्या पूर्व टोकाला अशीच एक जोडी आहे. थोरलं ते वेल्के स्लेमेन्त्से, धाकटं ते माले स्लेमेन्त्से. दोन्ही गावांना जोडणारा रस्ता एकच. थोरलं गाव कुठं संपतं आणि धाकटं कुठं सुरू होतं, हे परक्या माणसाला एरवी कळलंही नसतं. आता मात्र लगेच कळतं, कारण मध्ये कुंपण आहे, सीमा पोलीस आहेत आणि पासपोर्ट तपासणारी खिडकी आहे. थोरलं गाव स्लोव्हाकियात, म्हणजेच युरोपीय संघात आणि शेंगेन क्षेत्रात (आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट). धाकटं युक्रेनमध्ये.

वेल्के स्लेमेन्त्सेची वस्ती साधारण सहाशेच्या घरात, माले स्लेमेन्त्सेची त्याच्या निम्म्याहूनही कमी. कुठल्याही संदर्भग्रंथात अशा गावाची नोंद चार ओळींत आटोपते: जिल्हा मिखालोव्त्से, प्रदेश कोशित्से, पहिला लेखी उल्लेख चौदाव्या शतकातला, बहुसंख्य रहिवासी हंगेरियन भाषक. या चार ओळी खऱ्याच आहेत, पण त्यातून काहीच समजत नाही. स्लोव्हाकियातल्या गावात हंगेरियन भाषक कसे? रस्त्याच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा कशी? आणि भूगोल, इतिहास, लोकसंख्या असे तीन वेगळे रकाने करायला गेलं, की इथं एकाला हात लावताच उरलेले दोन हलायला लागतात.

सपाट मुलुख

स्लोव्हाकिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तात्रा पर्वताची बर्फाळ शिखरं येतात. देशाचा मोठा भाग खरोखरच डोंगराळ आहे. पण आग्नेय कोपऱ्यात हे डोंगर अचानक संपतात आणि पूर्व स्लोव्हाक मैदान सुरू होतं. स्लेमेन्त्से या मैदानात, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरांवर आहे. उत्तरेला क्षितिजावर विहोर्लात हा जुन्या ज्वालामुखींचा डोंगर दिसतो. बाकी तिन्ही दिशांना शेतं, चर, पाणथळ कुरणं आणि विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी.

या मैदानात नद्यांचा पंखाच उघडलेला आहे. लातोरित्सा आणि उह् युक्रेनच्या कार्पेथियन डोंगरांतून येतात, लाबोरेत्स आणि ओन्दावा उत्तरेकडून उतरतात. सगळं पाणी एकत्र होऊन त्याची बोद्रोग नदी होते. ती हंगेरीत तोकाय या द्राक्षमळ्यांच्या गावाजवळ तिसा नदीला मिळते, आणि तिसा पुढं डॅन्यूबला. बोद्रोग जिथं देश सोडते, ते ठिकाण म्हणजे अख्ख्या स्लोव्हाकियाचा सर्वांत सखल बिंदू, उंची सुमारे ९४ मीटर. म्हणजे पावसाळ्यात आणि बर्फ वितळताना पाण्याला घाई नसते, ते शेतातच मुक्काम करतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत इथं पाटचऱ्या, बांध आणि पंपिंग स्टेशनं उभी राहिली, मिखालोव्त्सेजवळ झेम्प्लिन्स्का शिरावा हे मोठं धरण बांधलं गेलं, तेव्हा कुठं ही जमीन भरवशाची झाली.

या सपाटपणाचा सीमेशी थेट संबंध आहे. उत्तरेला पोलंडच्या बाजूला सीमा डोंगराच्या धारेवरून जाते. तिथं निसर्गानंच काहीतरी रेघ आखून ठेवलेली आहे. इथं मैदानात तसं काहीच नाही. नदी नाही, टेकडी नाही, घाट नाही. रेघ कुठूनही नेता येते. आणि नेमकं तेच झालं.

न हललेल्या गावाचे पाच देश

या भागात एक जुना विनोद सांगतात. म्हाताऱ्याला विचारलं, आजोबा, तुम्ही जन्मलात कुठं? म्हणे, ऑस्ट्रिया-हंगेरीत. शाळा? चेकोस्लोव्हाकियात. लग्न? हंगेरीत. नोकरी? सोव्हिएत संघात. आणि आता राहता कुठं? युक्रेनमध्ये. अरे वा, बरंच जग पाहिलंत की! तर आजोबा म्हणतात, छे, मी गावाबाहेर कधी गेलोच नाही.

विनोदातल्या प्रत्येक उत्तराला एक तारीख आहे. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत दोन्ही स्लेमेन्त्से हंगेरीच्या राज्यात, उंग नावाच्या परगण्यात होती. परगण्याचं मुख्य ठिकाण उंगवार, म्हणजे आजचं युक्रेनमधलं उझहोरोद. गावची बोली हंगेरियन. ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळल्यावर नवा चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला आणि ४ जून १९२० च्या त्रियानोन तहानं हा पट्टा त्याला मिळाल्यावर शिक्कामोर्तब झालं. स्लोव्हाक भाषकांचे जिल्हे नव्या देशात जाणार हे उघड होतं, पण सीमा आखताना रेल्वेमार्ग, बाजारपेठा, संरक्षण यांचाही विचार झाला आणि दक्षिणेकडचा हंगेरियन भाषकांचा लांबलचक पट्टा त्याच्याबरोबर आला. स्लोव्हाकियात आजही हंगेरियन बोलणारे लोक आहेत ते मुख्यतः या पट्ट्यात. ते कुठूनही आलेले नाहीत. राज्य बदललं तेव्हा ते आपापल्या घरातच होते.

२ नोव्हेंबर १९३८. व्हिएन्नातल्या बेल्व्हेदेर राजवाड्यात जर्मनीचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप आणि इटलीचा चिआनो यांनी 'लवाद' म्हणून बसून हा पट्टा पुन्हा हंगेरीला देऊन टाकला. कोशित्से, उझहोरोद, मुकाचेव्हो ही शहरंही त्यात गेली. गावात अनेकांना हे घरी परतल्यासारखं वाटलं असणार, त्यात नवल नाही. पण याच सहा वर्षांच्या शेवटी, १९४४ च्या वसंतात, हंगेरीच्या ताब्यातल्या या प्रदेशातले ज्यू नागरिक उझहोरोदच्या वीटभट्टीत आणि लाकडाच्या वखारीत कोंडले गेले आणि मे महिन्यात गाड्या भरून ऑशविट्झला पाठवले गेले. या परिसरातल्या गावांच्या लोकसंख्येच्या आकड्यांत १९४१ नंतर जी खिंडारं दिसतात, त्यामागे आधी हे येतं, कुंपण नंतर. हा भाग सीमेच्या गोष्टीत बहुतेक वेळा गाळला जातो.

१९४४ च्या शरद ऋतूत लाल सेना आली. कार्पेथियन पलीकडच्या, म्हणजे उझहोरोदच्या बाजूच्या भागातल्या हंगेरियन आणि जर्मन पुरुषांना 'तीन दिवसांच्या छोट्याशा कामासाठी' बोलावून छावण्यांत नेण्यात आलं. स्थानिक बोलीत त्याला आजही 'मालेन्की रोबोत' म्हणतात. हजारो जण परतलेच नाहीत.

मग २९ जून १९४५ ला मॉस्कोत करार झाला. चेकोस्लोव्हाकियानं आपला सर्वांत पूर्वेकडचा प्रांत, सबकार्पेथियन रुथेनिया, सोव्हिएत संघाला दिला. इथं एक बारकावा आहे. युद्धाआधीची स्लोव्हाकिया आणि रुथेनिया यांच्यातली प्रांतिक हद्द जशीच्या तशी देशाची सीमा झाली नाही. सोव्हिएतांना चोप हे रेल्वे जंक्शन हवं होतं. त्यामुळे चोप आणि त्याच्या आसपासची, आधी स्लोव्हाकियाच्या बाजूला असलेली काही गावं पलीकडे ओढली गेली. माले स्लेमेन्त्से त्यातलंच. थोडक्यात, लोहमार्गासाठी नकाशावरची रेघ काही किलोमीटर सरकली आणि ती सरकता सरकता गावातल्या रस्त्यावर येऊन थांबली.

कुंपणापलीकडची गाणी

त्यानंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत इथं काटेरी तार होती, पहारे होते, आणि सोव्हिएत सीमेवर सर्वत्र असायची तशी नांगरून भुसभुशीत ठेवलेली मातीची पट्टी होती, कुणी ओलांडलं तर पावलं उमटावीत म्हणून. एकाच घरातले भाऊ दोन देशांचे नागरिक झाले. कुणाचं माहेर तिकडं, सासर इकडं. आईबापांची थडगी एका देशात आणि फुलं वाहणारी लेक दुसऱ्या देशात.

दोन्ही देश साम्यवादी. कागदोपत्री भाऊ-भाऊ. तरी रस्त्यापलीकडच्या मावशीला भेटायचं तर आमंत्रणपत्र, परवानगी, शिक्के, आणि मग दूरच्या मोठ्या नाक्यावरून वळसा घालून प्रवास. हाक मारून बोलायला बंदी होती. गावकरी सांगतात, की मग लोक गाऊ लागले. शेतात काम करता करता एखादी ओळखीची हंगेरियन चाल धरायची आणि शब्द आपले घालायचे: थोरल्या बहिणीला मुलगा झाला, काका काल रात्री वारले, दफन उद्या आहे. पहाऱ्यावरच्या सैनिकांना हंगेरियन कळत नव्हतं. त्यांच्या लेखी बायका कापणीची गाणी म्हणत होत्या.

घड्याळंही वेगळी झाली. सोव्हिएत काळात पलीकडे मॉस्कोची वेळ, म्हणजे दोन तासांचा फरक. आज युक्रेनची अधिकृत वेळ स्लोव्हाकियाच्या एक तास पुढं आहे. पण त्या भागातल्या हंगेरियन गावांत घरगुती व्यवहार अजूनही मध्य युरोपीय वेळेनं चालतात. लग्नाची किंवा प्रार्थनेची वेळ कळवली की 'आपल्या वेळेनं की कीव्हच्या?' असं विचारावंच लागतं.

माणसं अडली, पण सगळंच अडलं नव्हतं. स्लेमेन्त्सेच्या शेजारच्या मात्योव्त्से गावातून १९६० च्या दशकात सोव्हिएत रुंदीचा लोहमार्ग कोशित्सेजवळच्या हानिस्कापर्यंत आणला गेला. नेहमीच्या युरोपीय रुळांची रुंदी १,४३५ मिलिमीटर, सोव्हिएत रुळांची १,५२०. सीमेवर डबे रिकामे करून पुन्हा भरायची कटकट नको म्हणून हे रूळच आत आणले, जेणेकरून युक्रेनमधलं लोहखनिज थेट कोशित्सेच्या पोलाद कारखान्यात पोचावं. पुढं गॅसवाहिनी आली. सायबेरियातला वायू जवळच्या वेल्के कापुशानी या गावाशी स्लोव्हाकियात शिरायचा आणि पुढं पश्चिम युरोपला जायचा. तिथलं कॉम्प्रेसर स्टेशन हे दशकानुदशकं युरोपच्या ऊर्जापुरवठ्याचं एक मोठं दार होतं. खनिज, कोळसा, वायू रोज सीमा ओलांडत होते, आणि त्याच सीमेवर मावशीला बारशाला येता येत नव्हतं. ती रेघ अभेद्य वगैरे कधीच नव्हती. कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारी होती.

नाका उघडला, पण कोणासाठी?

१९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातली साम्यवादी सत्ता गेली, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, १९९३ मध्ये स्लोव्हाकिया वेगळा देश झाला. बर्लिनची भिंत कधीच पडली होती. स्लेमेन्त्सेचं कुंपण मात्र होतं तिथंच राहिलं. उलट २००० मध्ये स्लोव्हाकियानं युक्रेनच्या नागरिकांना व्हिसा लागू केला, कारण युरोपीय संघात जायचं तर पूर्वेचं दार घट्ट लावून दाखवणं भाग होतं.

मग गावकऱ्यांनी स्वतःच आवाज उठवला. २००३ मध्ये दोन्ही बाजूंना एक लाकडी कमान उभारली. रोमेनियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया भागातल्या हंगेरियन भाषक सेकेय लोकांत घरापुढं कोरीव लाकडी दार उभारायची परंपरा आहे, त्या धर्तीची. फक्त हे दार मधोमध चिरलेलं: एक अर्धं स्लोव्हाकियात, दुसरं अर्धं युक्रेनमध्ये. एका सेल्मेन्त्सची (स्लेमेन्त्सेचं हंगेरियन नाव) दोन झाली, ती जगन्नियंत्यानं पुन्हा एक करावीत, अशा अर्थाच्या ओळी त्यावर कोरल्या आहेत. २००४ मध्ये दोन्ही गावांचे प्रमुख वॉशिंग्टनला गेले आणि अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांपुढं त्यांनी आपली कैफियत मांडली. वर्तमानपत्रांनी गावाला 'छोटं बर्लिन' नाव दिलं. मला ते नाव फारसं पटत नाही. बर्लिनची फाळणी जगाला रोज दिसत होती, इथली जवळपास साठ वर्षं कुणाच्या गावीही नव्हती.

२३ डिसेंबर २००५ ला, नाताळच्या तोंडावर, नाका उघडला. फक्त पायी किंवा सायकलवर जाणाऱ्यांसाठी, आणि तोही युरोपीय व युक्रेनी नागरिकांसाठीच. आनंदाश्रूंचे फोटो जगभर छापून आले. गोष्ट इथं गोड शेवटासह संपवणारे बरेच लेख सापडतात. पण खरी गंमत यापुढं आहे, आणि ती समजायला व्हिसाचं गणित बघावं लागतं.

२००५ मध्येच युक्रेननं युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी व्हिसा रद्द केला होता. म्हणजे थोरल्या गावातला माणूस खिशात पासपोर्ट टाकून निघाला की पाच मिनिटांत धाकट्या गावात. धाकट्या गावातल्या माणसाला मात्र थोरल्या गावात यायला व्हिसा हवा. त्यासाठी उझहोरोदच्या स्लोव्हाक वाणिज्य दूतावासात अर्ज, कागदपत्रं, वाट बघणं. २१ डिसेंबर २००७ ला स्लोव्हाकिया शेंगेन क्षेत्रात गेला, तेव्हा अटी आणखी कडक झाल्या आणि व्हिसाची फी ३५ युरो झाली. समारंभपूर्वक उघडलेलं दार एकाच बाजूनं ढकलता येत होतं.

याचे परिणाम ज्या वेगानं दिसले तो बघण्यासारखा आहे. नाका उघडल्यावर धाकट्या गावात, अगदी कुंपणाला लागून, दुकानांची रांग उभी राहिली. सिगारेटी, दारू, मिठाई, कपडे, चपला, लग्नाचे पोशाख, केस कापायची दुकानं. पाट्या स्लोव्हाक आणि हंगेरियनमध्ये, भाव आधी स्लोव्हाक कोरुनांत, २००९ पासून युरोत. स्लोव्हाकियाच्या लांबच्या शहरांतून लोक गाड्या घेऊन यायचे, थोरल्या गावात गाडी लावायचे, चालत पलीकडे जायचे आणि पिशव्या भरून परत. परतताना स्लोव्हाक सीमाशुल्क खात्याचा माणूस पिशवी उघडायला लावतो, कारण युक्रेनच्या जमिनीवरल्या सीमेवरून माणशी सिगारेटची दोनच पाकिटं आणता येतात. म्हणून मग बाप, आई, मुलगा आणि आजीही खरेदीला. आजी सिगारेट ओढत नसली तरी तिच्या वाट्याची दोन पाकिटं असतातच!

सिगारेटीच्या भावातला हा फरक किती मोठा होता, याचा अंदाज हवा असेल तर जुलै २०१२ आठवा. उझहोरोदजवळ सीमेखालून खणलेलं सुमारे ७०० मीटर लांबीचं भुयार स्लोव्हाक पोलिसांना सापडलं, आत छोट्या गाडीसाठी चक्क रूळ टाकलेले. लाखो सिगारेटी जप्त झाल्या.

दोन्ही बाजूंना समान हक्क यायला ११ जून २०१७ उजाडलं. त्या दिवसापासून बायोमेट्रिक पासपोर्ट असलेल्या युक्रेनी नागरिकांना शेंगेन क्षेत्रात १८० दिवसांतले ९० दिवस व्हिसाविना राहता येऊ लागलं. मधल्या बारा वर्षांत पळवाटाही निघाल्या होत्या. २००८ पासून सीमेलगत राहणाऱ्यांसाठी वेगळे परवाने मिळू लागले. आणि २०११ पासून हंगेरीनं परदेशांतल्या हंगेरियन वंशाच्या लोकांना सोप्या अटींवर नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. युक्रेनमधल्या अनेक हंगेरियनांनी ते घेतलं. त्यांच्यापुढं व्हिसाचा प्रश्नच उरला नाही, ते युरोपीय संघाचे नागरिक झाले.

थोरल्या गावातल्या हंगेरियनांना मात्र ही सोय महागात पडली असती. बुडापेस्टच्या कायद्याला उत्तर म्हणून स्लोव्हाकियानं २०१० मध्ये कायदा बदलला: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतः मागून घेतलं, तर स्लोव्हाक नागरिकत्व जाणार. २०२२ मध्ये ही अट काहीशी सैल झाली, पण शेजारच्या देशात वंशाच्या आधारानं मिळणाऱ्या पासपोर्टाला तिचा उपयोग नाही. त्यासाठी त्या देशात प्रत्यक्ष पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. दोन भावंडांची मुलं. भाषा एक, आडनाव एक. एकाला हंगेरियन पासपोर्ट मिळवून फायदा, दुसऱ्याला तोच मिळवून घरच्या देशाचं नागरिकत्व गमावायची भीती.

माणसं मोजायची कशी

आता तो लोकसंख्येचा रकाना. आकडा वाचण्याआधी मोजणाऱ्यानं काय विचारलं होतं ते बघावं लागतं.

१९१० च्या हंगेरियन जनगणनेत प्रश्न होता मातृभाषेचा. यिद्दिश ही वेगळी भाषा म्हणून धरली जात नव्हती, त्यामुळे हंगेरियन बोलणारे ज्यू नागरिक हंगेरियनांतच मोजले गेले. १९२१ मध्ये चेकोस्लोव्हाकियानं राष्ट्रीयत्व विचारलं आणि त्यात 'ज्यू' असं स्वतंत्र उत्तर देता येत होतं. साहजिकच अकरा वर्षांत अनेक गावांतल्या हंगेरियनांचा आकडा घटलेला दिसतो. काही अधिकारी खरंच निघून गेले, काहींनी नव्या राज्यात वेगळं उत्तर दिलं, आणि काही घट निव्वळ प्रश्न बदलल्यामुळे.

१९४५ नंतर उत्तर देणंच धोक्याचं झालं. चेकोस्लोव्हाकियानं राष्ट्राध्यक्ष बेनेश यांच्या आदेशांनी बहुतेक हंगेरियनांचं नागरिकत्व काढून घेतलं. १९४६ मध्ये 'पुनर्स्लोव्हाकीकरण' सुरू झालं: आपण मुळात स्लोव्हाकच आहोत असा अर्ज करा आणि नागरिकत्व परत मिळवा. तीन लाखांहून अधिक लोकांचे अर्ज मंजूर झाले. सुमारे ४४,००० जणांना चेक प्रांतात सक्तीनं कामाला नेलं आणि हंगेरीशी झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत जवळपास ९०,००० हंगेरियन सीमेपार पाठवले गेले. त्यामुळे १९५० च्या जनगणनेतले हंगेरियनांचे आकडे कुणी मला दाखवले, तर मी ते चिमटीत धरूनच वाचतो. १९६१ पर्यंत तोच आकडा मोठी उडी घेतो. इतकी मुलं दहा वर्षांत जन्माला येत नसतात. लोकांची भीती कमी झाली होती, इतकंच.

आजचा मोठा हिशोब असा: २०२१ च्या जनगणनेत स्लोव्हाकियाची लोकसंख्या ५४,४९,२७०. पैकी हंगेरियन राष्ट्रीयत्व सांगणारे ४,२२,०६५, म्हणजे सुमारे पावणेआठ टक्के. या वेळी पहिल्यांदाच दुसरं राष्ट्रीयत्वही नोंदवायची मुभा होती, आणि ते धरलं तर आकडा साडेचार लाखांच्या वर जातो. या टक्केवारीला व्यवहारात किंमत आहे. गावात अल्पसंख्याकांचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर गावच्या नावाची पाटी त्यांच्या भाषेतही लागते आणि कचेरीत ती भाषा वापरता येते. ही मर्यादा आधी २० टक्के होती, २०११ मध्ये १५ वर आणली. वेल्के स्लेमेन्त्सेला त्याची चिंता नाही, तिथं बहुमतच हंगेरियनांचं आहे. गावाच्या वेशीवर दुसरं नाव दिसतं: नॉदसेल्मेन्त्स.

कुंपणापलीकडचं काय? युक्रेननं शेवटची जनगणना केली ५ डिसेंबर २००१ ला. त्यानंतर नाही. त्या वेळी कार्पेथियन पलीकडच्या प्रांतात सुमारे दीड लाख हंगेरियन मोजले गेले, लोकसंख्येच्या १२ टक्के. एकाच रस्त्यावरच्या अर्ध्या घरांची मोजणी २०२१ ची आणि उरलेल्या घरांची २००१ ची. दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते दिसतात, पण मधल्या वीस वर्षांत परगावी कामाला गेलेले, हंगेरीत स्थायिक झालेले आणि युद्धानं पांगलेले लोक त्यात कुठंच नाहीत.

लहान गावांच्या आकड्यांबद्दल आणखी एक. स्लोव्हाकियात सुमारे २,८९० गावं आणि शहरं आहेत आणि त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश ठिकाणी हजारापेक्षा कमी लोक राहतात. तरी प्रत्येकाची स्वतःची कचेरी, निवडून दिलेला सरपंच, स्वतःचं अंदाजपत्रक. १९९० मध्ये लोकांनी ही स्वायत्तता मिळवली आणि ती सोडायला कुणी तयार नाही. सहाशे माणसांच्या गावाचा सरपंच थेट अमेरिकेत जाऊन बोलतो, यामागे हीच घडण आहे. त्याला वरच्या कुणाची परवानगी लागत नाही. मात्र गटार दुरुस्त करायचं म्हटलं की तीच कचेरी पैशासाठी हात पसरते. युक्रेननं उलट वाट धरली, २०२० पर्यंत लहान गावं एकत्र करून मोठे गट केले.

युद्ध सुरू झाल्यावर

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर चौफेर हल्ला केला. स्लोव्हाकिया-युक्रेन सीमा जेमतेम ९८ किलोमीटरची आणि रस्त्यानं ओलांडायचे नाके तीनच: विश्ने नेमेत्स्के, उब्ल्या आणि वेल्के स्लेमेन्त्से. खरेदीच्या पिशव्यांसाठी बांधलेल्या या चिंचोळ्या वाटेनं आता मुलांचे हात धरलेल्या बाया येऊ लागल्या. १८ ते ६० वयोगटातल्या पुरुषांना देश सोडायला बंदी घातली गेली, त्यामुळे धाकट्या गावातल्या कित्येक पुरुषांपुढं तो रस्ता पुन्हा एकदा तिथंच संपला. उझहोरोदच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेणारे बरेच भारतीय विद्यार्थीही त्या दिवसांत याच सीमापट्ट्यातून बाहेर पडले. 'ऑपरेशन गंगा'ची काही विमानं कोशित्सेहून सुटली होती. मराठी घरांत कोशित्से हे नाव बहुधा तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं गेलं असेल.

आजूबाजूचा रोजगारही झपाट्यानं आटतोय. युक्रेनकडून रुंद रुळांनी येणाऱ्या कोळशावर अनेक वर्षं चाललेलं वोयानीचं वीज केंद्र मार्च २०२४ मध्ये बंद झालं. १ जानेवारी २०२५ ला रशियन वायूची युक्रेनमार्गे होणारी वाहतूक थांबली आणि वेल्के कापुशानीच्या त्या मोठ्या दाराचं जुनं काम संपलं. आधी खनिज, कोळसा, वायू यांना मोकळीक होती आणि माणसं अडलेली. आता वायू थांबलाय, आणि माणसांपैकी बरेच पुरुष अडलेले आहेत.

युक्रेन युरोपीय संघात आला की हे कुंपण जाईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. जून २०२२ मध्ये त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला, जून २०२४ मध्ये वाटाघाटी औपचारिकपणे सुरू झाल्या. पण संघाचं सदस्यत्व आणि शेंगेनमधला प्रवेश या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सदस्य झाल्यावर सिगारेटची पाकिटं मोजणारा माणूस जातो. पासपोर्ट बघणारा जायला शेंगेन लागतं. स्लोव्हाकियाला दोन्हींमध्ये साडेतीन वर्षं लागली, क्रोएशियाला साडेनऊ, आणि २००७ मध्ये संघात आलेल्या रोमेनियाच्या जमिनीवरल्या सीमा शेंगेनमध्ये खुल्या व्हायला १ जानेवारी २०२५ उजाडलं.